बेळगावचे अध्यक्ष, नागपूरचे संपादक

1946 च्या मे महिन्यात बेळगावास मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा त्याच्या अध्यक्षस्थानी नागपूरच्या एका दैनिकाचे संपादक होते. गजानन त्र्यंबक माडखोलकर हे त्यांचे नाव. मराठी बोलणाऱ्या साऱ्या प्रदेशाचे एकच राज्य व्हावे, ही मागणी त्या संमेलनाने ठरावाच्या रूपाने केली आणि ती पुढे नेण्यासाठी समिती नेमली. दोनअडीच महिन्यांतच शंकरराव देव यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईस संयुक्त महाराष्ट्र परिषद भरली. तिचे बीज साहित्यिकांच्या मांडवात पडले होते, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत एका ओळीत आटोपते. परंतु ज्या शहराला या मागणीची किंमत राजधानीच्या रूपाने मोजावी लागणार होती, त्याच शहरात बसून माडखोलकरांनी ती मागणी केली, याची आठवण मात्र आज नागपुरातही फारशी निघत नाही.

माडखोलकर जन्माने नागपूरचे नव्हते. त्यांचा जन्म मुंबईचा आणि वाङ्मयीन घडण पुण्याची. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. पण संस्कृत साहित्याचा व्यासंग असा की, पदवीधरांनीही त्यांच्या टीकालेखांचा धाक बाळगावा. रविकिरण मंडळाच्या आरंभीच्या सभासदांत ते होते. ‘ज्ञानप्रकाशा’त उमेदवारी करून ते नागपुरास गोपाळराव ओगले यांच्या ‘महाराष्ट्र’ पत्रात आले आणि येथलेच झाले. बाहेरून येऊन नागपूरकर होण्याची परंपरा या शहरात जुनीच आहे. मध्यप्रांताच्या राजधानीने वकील, प्राध्यापक व पत्रकार यांना कोठून आलात हे विचारले नाही. मात्र येथे आल्यावर काय केलेत, हे ती आवर्जून विचारीत असे.

नागपुरातच त्यांची ‘मुक्तात्मा’ ही कादंबरी 1933 साली आणि ‘भंगलेले देऊळ’ 1934 साली प्रसिद्ध झाली. मराठी कादंबरीच्या दिवाणखान्यात चळवळ, पक्ष व क्रांतिकारक यांना त्यांनी आणून बसविले, हे श्रेय त्यांचे निर्विवाद आहे. त्यांच्या शैलीविषयी मात्र आमचे मत संमिश्र आहे. अलंकारांचा भार अनेकदा पात्रांना पेलवत नाही, आणि प्रणयाचे प्रसंग राजकारणाच्या आड येतात, असे आजच्या वाचकास वाटल्यास त्यास दोष देता येणार नाही. त्यांची लेखणी खरी रमली ती टीकेत आणि अग्रलेखात. तेथे प्रतिपक्ष समोर उभा असे आणि भाषेला धार लावण्यास कारण मिळे.

नरकेसरी बॅरिस्टर अभ्यंकर यांनी 1926 साली काढलेले व पुढे बंद पडलेले ‘तरुण भारत’ 1944 साली दैनिक म्हणून पुन्हा सुरू झाले, ते माडखोलकरांच्या संपादकत्वाखाली. ज्या पत्राचे कार्यालय पुढे दीर्घकाळ रामदासपेठेत होते, तेच हे पत्र. त्याच्या संपादकाच्या खुर्चीवर माडखोलकर 23 वर्षे होते. त्यांतील आरंभीचाच काळ सर्वांत कठीण ठरला. 1948 साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत त्यांचे घर भस्मसात झाले. आयुष्यभर ग्रंथांच्या सहवासात राहिलेल्या माणसाचे घर जळते, तेव्हा काय काय जळते हे सांगावयास नको. त्या दिवसांची हकीकत त्यांनी ‘एका निर्वासिताची कहाणी’ या पुस्तकात लिहिली. निर्वासित हा शब्द तेव्हा पंजाब-सिंधकडून आलेल्या लोकांना लावला जात होता. आपल्याच शहरात राहणाऱ्या मराठी संपादकाने तो स्वतःस लावावा, यातच सर्व आले. एवढे होऊनही त्यांनी नागपूर सोडले नाही.

त्यानंतरचा काळ त्यांच्या मताच्या कसोटीचा होता. स्वतंत्र विदर्भाची मागणी येथे कोणी बाहेरून आणलेली नव्हती. मध्यप्रांताच्या विधिमंडळाने 1938 सालीच महाविदर्भाचा ठराव केला होता. लोकनायक बापूजी अणे आणि ब्रिजलाल बियाणी यांच्यासारखे पुढारी त्या बाजूस होते. फाजल अली आयोगानेही 1955 साली विदर्भाचे वेगळे राज्य सुचविले. 1953 च्या नागपूर कराराने आश्वासने दिली, पण 1956 च्या 1 नोव्हेंबरला सचिवालय भोपाळला आणि उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूरला गेले. जवळजवळ शंभर वर्षे राजधानी असलेले शहर एका दिवसात जिल्ह्याचे ठिकाण झाले. ज्यांची उपजीविका त्या कचेऱ्यांशी बांधलेली होती, त्यांना मराठी ऐक्याचा आनंद निर्भेळ कसा वाटावा? याच नागपूरने 1959 च्या पोटनिवडणुकीत आणि पुन्हा 1962 साली विदर्भवादी अण्यांना लोकसभेवर पाठविले. म्हणजे ज्या मताचा पुरस्कार बेळगावच्या अध्यक्षांनी केला, त्याच्या विरुद्ध मत देणारे हजारो लोक त्यांच्याच शहरात, त्यांच्याच आळीत राहत होते.

वाचकांच्या कलाने मत फिरविणे वृत्तपत्राच्या धंद्यात अवघड नसते. माडखोलकरांनी ते केले नाही. त्यांचा निर्णय नागपूरच्या हिताचा होता की नव्हता, यावर अजून वाद आहे आणि तो असावयास हवा. अनुशेषाचे आकडे मांडून जे विदर्भवादी आजही बोलतात, त्यांना भाषेच्या अभिमानाने उत्तर देता येत नाही, हे आम्हांस मान्य आहे. परंतु लोकमत विरुद्ध असता आपल्याच गावात राहून ते झेलावयाचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच लोकांसाठी अग्रलेख लिहावयास बसावयाचे, हे धैर्य त्यांच्या कादंबऱ्यांतील नायकांपेक्षा आम्हांस अधिक अस्सल वाटते.

1967 साली त्यांनी संपादकपद सोडले. त्याच वर्षी महाजन आयोगाचा अहवाल आला आणि ज्या बेळगावात त्यांच्या अध्यक्षतेखाली एकीकरणाची मागणी झाली होती, ते बेळगाव म्हैसूर राज्यातच ठेवावे, असे त्या अहवालाने सांगितले. माडखोलकर 1976 साली निवर्तले, तेव्हा नागपुरात दरवर्षीप्रमाणे विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरत होते आणि बेळगाव महाराष्ट्राबाहेरच होते.