कॉलऱ्याचे विष शोधणारे डॉ. शंभूनाथ डे

पावसाळ्यात आपल्या खांडबारा परिसरात कुणाला जुलाब लागले की आशाताई ओआरएसची पुडी देतात. त्या पुडीचे मोल कळावे म्हणून आज आम्ही डॉ. शंभूनाथ डे यांची ओळख करून देत आहोत.

1915 साली बंगालमधील हुगळी जिल्ह्यात, गरीब घरात त्यांचा जन्म झाला. शिष्यवृत्तीवर शिकून ते डॉक्टर झाले. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी 1884 मध्ये कोलकात्यात वेगळा करून दाखवला होता. पण तो माणसाला मारतो कसा, हे पुढे पाऊणशे वर्षे उलगडले नव्हते. डे यांनी सशाच्या आतड्याचा छोटा भाग दोन्हीकडून बांधला आणि ज्या द्रवात जंतू वाढवले होते तो द्रव, जंतू गाळून काढून, त्यात सोडला. आतडे पाण्याने तट्ट फुगले. म्हणजे घात करते ते जंतूने सोडलेले विष! 1959 साली हे प्रसिद्ध झाले.

पुढे कळले की या विषामुळे आतड्याच्या पेशी क्षार बाहेर टाकत सुटतात आणि क्षारामागून पाणी वाहते. मात्र साखरेच्या सोबतीने मीठ आत घेण्याचे पेशींचे दार उघडेच राहते. म्हणून नुसते पाणी पुरत नाही. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे.

1978 मध्ये त्यांना स्टॉकहोमच्या नोबेल परिसंवादाचे बोलावणे आले. आपल्या देशात मात्र त्यांची म्हणावी तशी कदर झाली नाही, याची आम्हाला खंत वाटते. 1985 साली ते वारले.