विश्लेषण : जोखमीचे गणित मांडणारे डॅनियल बर्नुली कोण होते?

विमा घ्यावा की नको, मोठ्या नफ्याच्या आशेने पैसा लावावा की हातचे राखावे? सूक्ष्म अर्थशास्त्रात या प्रश्नांची चर्चा आजही ज्या कल्पनेपासून सुरू होते, ती डॅनियल बर्नुली यांनी १७३८ मध्ये मांडली. द्रवाच्या प्रवाहाच्या सिद्धांतामुळे विद्यार्थ्यांना परिचित असलेल्या या शास्त्रज्ञाचे हे काम मात्र कमी लोकांना माहीत असते.

जडणघडण कशी झाली?

बर्नुली यांचा जन्म १७०० मध्ये नेदरलँड्समधील ग्रोनिंगनचा. वडील योहान नामवंत गणितज्ञ, पण मुलाने व्यापारात जावे अशी त्यांची इच्छा होती. डॅनियल यांनी स्वित्झर्लंडमधील बासेल येथे वैद्यकाची पदवी घेतली. ओढा गणिताकडेच राहिला. १७२५ मध्ये ते थोरल्या भावासह रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या नव्या विज्ञान अकादमीत रुजू झाले. वर्षभरातच भावाचे निधन झाले. १७३३ मध्ये ते बासेलला परतले.

नेमका पेच काय होता?

त्यांचे चुलतभाऊ निकोलस यांनी १७१३ मध्ये एक कोडे मांडले होते. छापा पडेपर्यंत नाणे उडवायचे. पहिल्याच फेकीत छापा पडला तर १ डकॅट हे सोन्याचे नाणे मिळेल, दुसऱ्या फेकीत पडला तर २, तिसऱ्या फेकीत ४. दर फेकीला बक्षीस दुप्पट, पण ते मिळण्याची शक्यता निम्मी. त्यामुळे प्रत्येक फेकीचा वाटा अर्धा डकॅट भरतो आणि अपेक्षित कमाई अनंत येते. तरीही २० डकॅट मिळत असतील, तर कोणीही शहाणा माणूस ही संधी आनंदाने विकेल. मग गणित कुठे चुकते?

उत्तर काय दिले?

माणूस रक्कम नव्हे, तिची उपयोगिता मोजतो, असे बर्नुली यांनी दाखवले. हाती जितके जास्त, तितके पुढच्या डकॅटचे मोल कमी. म्हणूनच एकच जोखीम गरिबाला पेलत नाही, श्रीमंताला पेलते.

विम्याशी संबंध काय?

त्यांचे उदाहरण व्यापाऱ्याचे आहे. ॲमस्टरडॅमहून येणारा माल १०,००० रुबलचा, १०० पैकी ५ जहाजे बुडतात, विम्याचा हप्ता ८०० रुबल. सरासरी नुकसान ५०० रुबलच. म्हणजे हप्ता महाग. तरीही मालाखेरीज गाठीशी ५,०४३ रुबलपेक्षा कमी असतील, तर विमा घेणेच योग्य, असा त्यांचा हिशेब. विमा देणाऱ्याकडे मात्र किमान १४,२४३ रुबल हवेत. एकाच सौद्यात दोघांचाही फायदा कसा होतो, हे यातून उलगडते.

वडिलांशी वाद का?

१७३४ मध्ये पॅरिसच्या अकादमीचे पारितोषिक पिता-पुत्रांना विभागून मिळाले. मुलाची बरोबरी वडिलांना सहन झाली नाही. डॅनियल यांचा द्रवगतीवरील ग्रंथ १७३८ मध्ये आला. पुढे योहान यांनी त्याच विषयावरील स्वतःच्या ग्रंथावर १७३२ साल घातले. संबंध बिघडले ते बिघडलेच.

आज महत्त्व काय?

बर्नुली १७८२ मध्ये निवर्तले. १९४४ मध्ये जॉन फॉन नॉयमन व ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांनी गेम थिअरीवरील ग्रंथात अपेक्षित उपयोगितेला नव्याने पक्का गणिती पाया दिला. प्रतिस्पर्ध्याची चाल अनिश्चित असताना खेळाडूचा लाभ मोजतात, तो याच उपयोगितेत.