द्राक्ष नाही, बदाम नाही

बँकेत कर्जाचा अर्ज समोर आला की मी शिफारसपत्रे बाजूला ठेवून आधी ताळेबंद पाहत असे. खाण्याच्या पदार्थांच्या खोक्यांवरचे गुणगान वाचतानाही ती खोड सुटलेली नाही. अशा वेळी मला हटकून चार्ल्स विल्यम पोस्ट आठवतो.

हा गृहस्थ १८५४ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जन्मला. शेतीची अवजारे विकण्यात वाकबगार. पण प्रकृतीने खचला आणि १८९१ साली बॅटल क्रीक येथे डॉ. केलॉग यांच्या आरोग्यधामात दाखल झाला. गुण फारसा आला नाही. मात्र तिथे कॉफीऐवजी भाजलेल्या धान्याचे पेय देत, ते त्याने नीट पाहून ठेवले. १८९५ साली गहू, कोंडा आणि काकवी यांचे ‘पोस्टम’ त्याने बाजारात आणले. ते खपावे म्हणून कॉफीला बदनाम केले. कॉफीने नसा बिघडतात, दृष्टी अधू होते, माणूस कामातून जातो! भीती आधी, डबा मागाहून.

१८९७ साली आले ‘ग्रेप-नट्स’. गहू आणि बार्ली भाजून केलेला दाणेदार चुरा. त्यात ना द्राक्ष, ना बदाम-अक्रोड. आता भाजलेले धान्य काही वाईट नव्हे. चांगला नाश्ता म्हणून ते विकले असते तर कोणाची हरकत असणार? पण जाहिरातीत ते मेंदूचे अन्न झाले, आणि अपेंडिक्सची शस्त्रक्रियाही त्याने टळू लागली! ‘कोलियर्स’ या साप्ताहिकाने या दाव्याला खोटे ठरवले. जाहिराती मिळाल्या नाहीत म्हणून हे चिडले आहेत, असा उलटा आरोप पोस्टने पैसे मोजून वर्तमानपत्रांत छापला. दाव्याचा पुरावा मागितला की मागणाऱ्याच्या हेतूवर बोट ठेवायचे, ही युक्ती तेव्हाही होती. साप्ताहिकाने अब्रुनुकसानीचा खटला भरला. १९१० साली ज्यूरीने पन्नास हजार डॉलर भरपाई ठरवली. पुढे अपिलात ती टिकली नाही.

मला मात्र पोस्ट निव्वळ लबाड वाटत नाही. जन्माचा दुखणाईत माणूस. आपल्या मालावर त्याचा थोडाफार विश्वासही असावा.

मार्च १९१४ मध्ये कॅलिफोर्नियाहून खास आगगाडीने त्याला तातडीने मिनेसोटातल्या मेयो बंधूंकडे नेण्यात आले. शस्त्रक्रिया झाली, ती अपेंडिक्सचीच. तरी मन सावरले नाही. ९ मे रोजी सांता बार्बरा येथे त्याने स्वतःचे आयुष्य संपवले.

१९२८ साली त्याच्या कंपनीने मॅक्सवेल हाउस विकत घेतली. धंदा कसला, तर कॉफीचा.