पनेट आणि त्यांचा चौकोन

जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील ‘पनेट चौकोन’ अनेकांनी वहीत आखलेला असतो. मात्र हे पनेट कोण, हे सहसा कोणी सांगत नाही. रेजिनाल्ड क्रंडॉल पनेट यांचा जन्म २० जून १८७५ रोजी इंग्लंडमधील केंट परगण्यात टनब्रिज येथे झाला. केंब्रिजला ते वैद्यकाच्या ओढीने गेले, पण रमले प्राणिशास्त्रात. ग्रेगोर मेंडेल यांचे विस्मृतीत गेलेले वाटाण्यांवरील प्रयोग १९०० मध्ये पुन्हा उजेडात आले. पुढे काही वर्षांतच पनेट हे मेंडेल यांचे कट्टर पुरस्कर्ते विल्यम बेटसन यांचे सहकारी झाले. १९०५ मध्ये त्यांनी ‘मेंडेलिझम’ हे छोटेखानी पुस्तक लिहिले.

चौकोनाची युक्ती अगदी साधी आहे. वरच्या कडेला एका पालकाची युग्मके, डाव्या कडेला दुसऱ्याची आणि प्रत्येक घरात दोहोंचा संयोग. उंची व बुटकेपणा असे दोन्ही घटक बाळगणाऱ्या वाटाण्यांचा संकर केला, तर तीन घरांत उंच रोप येते आणि एका घरात बुटके. अर्थात चार रोपांत एक बुटके निघेलच, अशी हमी हा चौकोन देत नाही. प्रत्येक रोपाची शक्यता स्वतंत्रपणे एक चतुर्थांश असते. आजही विद्यार्थी नेमके येथेच चुकतात.

त्या काळी तज्ज्ञही एका प्रश्नापाशी अडखळले होते. आखूड बोटांचा गुण प्रभावी असेल, तर कालांतराने बहुतेक माणसे आखूड बोटांचीच का होत नाहीत? १९०८ मध्ये पनेट यांच्या व्याख्यानानंतरच्या चर्चेत हा मुद्दा निघाला. समाधानकारक उत्तर न सुचल्याने त्यांनी तो क्रिकेटमधील आपले स्नेही, गणितज्ञ जी. एच. हार्डी यांच्यापुढे मांडला. प्रभावी असल्यानेच कोणताही गुण समाजात वाढत जात नाही, हे हार्डी यांनी थोडक्या गणिताने दाखवले. जर्मनीत विल्हेल्म वाइनबर्ग यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे हा निष्कर्ष काढला होता. लोकसंख्येच्या आनुवंशिकीचा पाया त्यातूनच घातला गेला.

चौकोनाची मर्यादाही पनेट यांच्याच वाफ्यात उघड झाली. स्वीट पी या फुलझाडात फुलांचा रंग आणि परागकणांचा आकार अपेक्षित ९:३:३:१ या प्रमाणात येईनात. काही गुण जोडीनेच उतरत. गुणसूत्रांच्या आधारे याचा उलगडा पुढे अमेरिकेत थॉमस मॉर्गन यांनी केला. हाती पुरावा असूनही बेटसन आणि पनेट यांना तो दिसला नाही, ही त्यांच्या कारकिर्दीतील मोठी हुकलेली संधी म्हणावी लागेल.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये अन्नधान्याची टंचाई होती. अंडी न देणाऱ्या नरांना दाणा घालणे परवडणारे नव्हते आणि नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांत नर-मादी ओळखणे कठीण. सोनेरी कोंबडा आणि रुपेरी कोंबडी यांचा संकर केल्यास नर पिल्ले रुपेरी व मादी पिल्ले सोनेरी निपजतात. लिंगाशी निगडित अशा रंगांचा उपयोग करून नर पिल्ले आरंभीच वेगळी काढावीत, असे पनेट यांनी सुचवले.

१९१२ मध्ये ते केंब्रिजमधील आनुवंशिकीचे पहिले आर्थर बाल्फोर प्राध्यापक झाले आणि १९४० मध्ये निवृत्त. ३ जानेवारी १९६७ रोजी सॉमरसेट परगण्यात त्यांचे निधन झाले. बेटसन यांच्यासह त्यांनी १९१० मध्ये सुरू केलेले ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’ हे नियतकालिक पुढे जे. बी. एस. हाल्डेन यांच्याकडे आले. १९५७ मध्ये हाल्डेन भारतात आले, ते हे नियतकालिक बरोबर घेऊनच. आता बेंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी ते प्रसिद्ध करते.