डॉ. वाल्देमार हाफकिन

मुंबईतील परळच्या हाफकिन संस्थेचे नाव बहुतेक मराठी माणसांना ठाऊक असते. पण ज्यांचे नाव तिला दिले गेले, त्यांचे चरित्र मात्र फारसे परिचित नाही.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली तत्कालीन रशियन साम्राज्यातील एका ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीवरील लस सिद्ध केली आणि १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्भवली. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी तीही आधी स्वतःलाच टोचली. या लशीने ताप येई, वेदना होत. शिवाय ती घेतलेला प्रत्येक जण वाचेलच, अशी शाश्वती नव्हती. ही उणीव त्यांनी लपवली नाही. लाभ किती आणि हानी किती, हे मोजून पाहिले. १८९८ मध्ये बडोद्याजवळील उंढेरा गावी घराघरांतील साधारण निम्म्या माणसांना लस टोचण्यात आली. साथीत टोचलेल्या ७१ जणांपैकी ३ दगावले. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २६.

कसोटीचा प्रसंग पुढेच होता. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मृत्युमुखी पडले. ते सर्व एकाच बाटलीतून टोचलेले होते. ठपका हाफकिन यांच्यावर आला व त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. वस्तुतः ती बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू मांडली आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले. मधली पाच वर्षे मात्र परत मिळाली नाहीत. पुढे १९१४ पर्यंत त्यांनी कलकत्त्यात सेवा केली. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. १९३० साली स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

मुलकोवालचे १९ मृत्यू सर्वांना दिसले. लशीमुळे वाचलेली माणसे कोणाला वेगळी दिसली नाहीत. आपल्या मुलांच्या आरोग्याविषयी निर्णय घेताना आपणही एखाद्या अपघाताच्या वार्तेने हबकतो. अशा वेळी तो अपघात कशाने घडला आणि उपाय नाकारल्यास काय घडेल, हे दोन प्रश्न पालकांनी शांतपणे विचारावेत. उंढेऱ्याचे आकडे याचीच आठवण देतात.