कै. डॉ. इरावती कर्वे

भूगोलाच्या तासाला ब्रह्मदेशाचा नकाशा काढताना आमचे विद्यार्थी इरावती नदीची लांब रेघ मोठ्या हौसेने ओढतात. त्या नदीवरून जिचे नाव ठेविले गेले, त्या विदुषीचे चरित्र मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील मिंज्यान येथे झाला. वडील गणेश हरि करमरकर तेथे नोकरीस होते. सातव्या वर्षी मुलीस शिक्षणार्थ पुण्यास हुजूरपागेत धाडण्यात आले व पुढे रँग्लर परांजपे यांच्या घरी तिला दुसरे कुटुंब लाभले. इतक्या कोवळ्या वयात आईबापांपासून समुद्रापलीकडे राहिलेल्या मुलीने पुढे नातीगोती हाच आपल्या अभ्यासाचा विषय करावा, याचे मला तरी नवल वाटत नाही.

फर्ग्युसन कॉलेजातून १९२६ साली पदवी घेऊन त्यांनी मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राचे अध्ययन केले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकरराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. स्त्रीशिक्षणासाठी ज्यांनी हयात वेचली, त्या महर्षींनाच सुनेचे परदेशगमन रुचले नाही! दिनकरराव मात्र पत्नीच्या पाठीशी उभे राहिले आणि १९२८ साली बाई बर्लिनला गेल्या.

तेथे त्यांची खरी कसोटी लागली. त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक ऑयगेन फिशर हे मनुष्याची बुद्धी व वर्तन वंशावरून ठरते असे मानणाऱ्या पंथाचे अग्रणी होते. कवटीच्या उजव्या व डाव्या बाजू सारख्या नसतात. ही विषमता युरोपीय लोकांत अधिक असून तिचा संबंध त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीशी आहे, असा त्यांचा तर्क होता. तो पडताळून पाहण्याचे काम बाईंकडे आले. निरनिराळ्या वंशांच्या कवट्या हाती घेऊन त्यांनी मोजमापे केली. विषमता सर्वत्र आढळली. वंशाशी तिचा संबंध मात्र आढळेना. परका देश, उसना पैसा आणि पदवी त्याच गुरूच्या हाती. असे असता एखाद्या विद्यार्थ्याने आकडे थोडे वाकविले असते, तर कोणास कळले असते? बाईंनी जे दिसले तेच लिहिले. पदवी १९३० साली मिळाली. पुढे नाझी राजवटीत याच वंशशास्त्राच्या आधारे केवढे अनर्थ झाले, हे जगाने पाहिले.

स्वदेशी परतल्यावर काही वर्षे महिला विद्यापीठाच्या कारभारात घालवून १९३९ साली त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या व अखेरपर्यंत तेथेच राहिल्या. मोजपट्टी घेऊन त्या खेडोपाडी हिंडल्या. कुंभार या एकाच नावाखाली नांदणारे, परंतु भिन्न प्रकारचे चाक वापरणारे व परस्परांत सोयरीक न करणारे गट त्यांनी तपासले. एक जात फुटून पोटजाती झाल्या, हे प्रचलित मत त्यांस पटले नाही. निराळे गट एका धंद्यामुळे एका नावाखाली आले, असे त्यांनी प्रतिपादिले. देहाच्या मोजमापांवर त्यांनी टाकलेला भार आजच्या शास्त्रास मान्य होणार नाही, हेही येथे सांगितले पाहिजे.

मोजपट्टीने जे सापडले नाही ते त्यांना पंढरीच्या वाटेवर सापडले. दिंडीत सारे एकत्र चालत, एकत्र गात. भोजनाची वेळ आली की ब्राह्मण एकीकडे व मराठे दुसरीकडे. बाईंना हे सोसवेना. एके दिवशी त्या मराठा बायांच्या पंगतीस बसल्या. त्यानंतर त्या बाया त्यांचा हात धरून चालू लागल्या आणि आपल्या संसाराची सुखदुःखे सांगू लागल्या. भीती वा काळजी उत्पन्न झाली की शरीरात कॉर्टिसॉल नावाचा रस वाढतो आणि विश्वासू माणसाच्या सोबतीने तो उतरणीस लागतो, असे शरीरशास्त्रज्ञ सांगतात. दिंडीतील बायांना हे कोणी शिकविले नव्हते.

अखेरच्या वर्षांत त्यांनी कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी केली. कन्या जाई निंबकर यांच्यासह लिहिलेला तो वृत्तांत १९६९ साली प्रसिद्ध झाला. बांध व वीज यांची चिंता सरकारने वाहिली. माणसांना कोठे व कसे वसवावे याचा विचार मात्र अपुरा राहिला, हे त्यांत दिसून आले. घर गेले तर पुन्हा बांधता येते. परंतु हाकेला धावणारा शेजारी, सोयरे, देवस्थान, पाणवठा ही एकदा पांगली की मनुष्य धास्तावल्यासारखा जगतो, आणि अशी धास्ती फार दिवस टिकली तर देहही खचतो. आपल्या एकलहऱ्यात वीजकेंद्राच्या नोकरीनिमित्त परगावाहून येऊन बिऱ्हाड थाटलेल्या पालकांना पहिल्या वर्षाची आठवण असेल. त्यांच्या पाठीशी निदान पगार होता. कोयनेकाठच्या शेतकऱ्यापाशी तोही नव्हता.

महाभारतातील माणसांवरील त्यांच्या ‘युगान्त’ या ग्रंथास १९६८ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. पुण्यात स्कूटर चालविणारी पहिली स्त्री म्हणूनही जुने लोक त्यांची आठवण सांगत. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले. कोयनेच्या वृत्तांतास तेव्हा पुरती दोन वर्षेही झाली नव्हती.