बावीस वर्षांचे बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये

शिकायला परदेशी गेलेल्या मित्राचा पहिल्या आठवड्यातला व्हिडिओ कॉल आठवतोय? रूम दाखवून होते, कॅम्पस दाखवून होतो आणि मग गाडी जेवणावर येते. इथलं काही घशाखाली उतरत नाही, असं तो सांगतो आणि इकडे आईचा जीव खालीवर होतो.

जुलै 1913 मध्ये न्यूयॉर्कला पोहोचलेल्या एका मुलाचंही हेच झालं होतं. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या हॉस्टेलवर त्याला खोली मिळाली. पण जेवण धड शिजलेलं नसायचं, शिवाय त्यात गोमांस. आठवड्याभरातच त्याने मुक्काम हलवला. हा मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. आपले बाबासाहेब!

निळा सूट, चष्मा, हातात राज्यघटना हे बाबासाहेब तुम्हाला माहीत आहेत. पण तेव्हा ते फक्त बावीस वर्षांचे होते. मीही आज बावीस वर्षांची आहे, म्हणून हा आकडा वाचून जरा थबकलेच. एल्फिन्स्टन कॉलेजातून बीए झालेले, फेब्रुवारीत वडील गेलेले, घरी पत्नी रमाबाई. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना साडेअकरा पौंडांची स्कॉलरशिप दिली होती, तीन वर्षांसाठी. परत आल्यावर दहा वर्षं संस्थानात नोकरी करायची, असा करार. त्याच पैशांत राहायचं, खायचं आणि उरलेले घरी पाठवायचे.

पुढे लिव्हिंगस्टन हॉलमध्ये त्यांना रूममेट मिळाला, नवल भथेना नावाचा पारशी तरुण. आता विचार करा. साताऱ्याच्या शाळेत याच मुलाला वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसावं लागायचं. तहान लागली तर शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी मिळायचं नाही. इथे मात्र वर्गात, लायब्ररीत, जेवणाच्या टेबलावर कुणी जात विचारत नव्हतं.

सुरुवातीचे काही महिने खेळण्यात, फिरण्यात गेले, असं चरित्रकार सांगतात. मग त्यांना वेळेची जाणीव झाली. हातात तीनच वर्षं होती. त्यानंतर लायब्ररी उघडल्यापासून बंद होईपर्यंत ते तिथेच. एकट्या अर्थशास्त्राचेच 29 कोर्स त्यांनी केले. 1915 मध्ये एमए झाले. मे 1916 मध्ये भारतातल्या जातींवरचा निबंध एका सेमिनारमध्ये वाचला. तो आजही अभ्यासला जातो.

तिथून ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन, दोन्हीकडे प्रवेश घेतला. पण 1917 मध्ये स्कॉलरशिप संपली. अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. चार वर्षांत परत येऊन तो पूर्ण करायची परवानगी तेवढी त्यांनी मिळवून ठेवली. पहिलं महायुद्ध सुरू होतं. त्यांचं सामान वेगळ्या बोटीने येत होतं, ती बोट टॉर्पेडो लागून बुडाली. पुस्तकं गेली.

करारानुसार ते बडोद्याला नोकरीला गेले, तर राहायला खोली मिळेना. परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत हे ते विसरूनच गेले होते. बडोदा स्टेशनवर ते पुन्हा आठवलं. शेवटी एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. नाइलाजाने खोली सोडली, कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. न्यूयॉर्कमध्ये एका पारशी मित्रासोबत एकाच खोलीत राहिलेला हा माणूस!

इथे कुणीही लंडनचा नाद सोडला असता. त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी धरली आणि पैसे साठवायला घेतले. थोडी मदत कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी केली आणि पाच हजार रुपये उसने दिले त्याच जुन्या रूममेटने, नवल भथेनांनी. 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. चार वर्षांची मुदत संपायच्या आत! 1921 मध्ये एमएस्सी, 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डीएस्सी आणि सोबत बॅरिस्टरीही पूर्ण केली.

तुमच्यापैकी कुणाचा व्हिसा अडकला असेल, कुणाचं लोन नामंजूर झालं असेल, कुणी सेमिस्टर अर्धवट टाकून घरी परतलं असेल. नातेवाईक आता पुढे काय म्हणून विचारत असतील. तेव्हा बाबासाहेबांची पदव्यांची यादी बाजूला ठेवा. 1917 ते 1920 ही मधली तीन वर्षं आठवा. त्या काळात त्यांच्याकडेही सांगण्यासारखं एवढंच होतं, की शिक्षण अर्धवट राहिलंय आणि मी परत जाणार आहे.